उपग्रहाला जंगलातले काय दिसते?

ठाण्याहून नाशिककडे निघाल्यावर खारेगावची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात मानकोली नाका येतो. भिवंडी तालुक्यातले हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. रस्त्यालगत पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब ओळी दिसतात. त्यांच्यापलीकडे, उल्हास नदीच्या खाडीकाठाने, खाजणाच्या चिखलात तिवरांची हिरवी पट्टी आहे. या परिसराचे उपग्रहाने टिपलेले चित्र वर्गात दाखवले, तर मुलांना पहिले आश्चर्य वाटते ते रंगांचे. गोदामांची छपरे पांढरी, गढूळ पाणी निळसर आणि तिवरांची पट्टी चक्क लालभडक! हिरवे रान लाल का, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतोच. या प्रश्नाच्या उत्तरात दूरसंवेदनाचे विज्ञान आहे. दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या लाल पट्टीत झाडे किती जातींची आहेत, हे चित्रावरून सांगता येईल का? जंगल मोजण्याचा आपल्याकडचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास पाहिला, तर या दुसऱ्या प्रश्नापर्यंत येायला किती काळ लागला ते ध्यानात येते.

हत्तीवरून विमानात

१८५६ साली डीट्रिच ब्रॅन्डिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील पेगू प्रांतात सागाच्या जंगलांचा प्रमुख म्हणून रुजू झाला. जंगलात साग किती आहे हे सरकारला हवे होते. सगळी झाडे मोजणे अशक्य होते. ब्रॅन्डिसने हत्तीवर बसून ठरावीक रेषेने जंगलातून जायला सुरुवात केली. रेषेच्या दोन्ही बाजूंची सागाची झाडे जाडीच्या वर्गांनुसार तो मोजत जाई आणि त्या अरुंद पट्ट्यावरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधी. थोड्या नमुन्यावरून मोठ्या क्षेत्राचे अनुमान करण्याची ही रीत आजही कायम आहे. हत्तीची जागा उपग्रहाने घेतली एवढेच. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रॅन्डिसच्या मोजणीत साग होता, सागाच्या शेजारचे झाड नव्हते. ज्याला किंमत त्याचीच मोजदाद, असा तो हिशेब होता.

मुंबई इलाख्यात याच्याही आधी, १८४७ साली, दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. पुढे वनकायदे आले, राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून असंतोष उसळला. भाताची रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर झाडांच्या फांद्या आणि पाला अंथरून जाळायचा, याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जात. ही छाटणी हक्क की गुन्हा, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. १८८५ साली सरकारला या तक्रारींसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. या सगळ्यात 'जंगल' शब्दाचा एक सरकारी अर्थ पक्का झाला. दप्तरात ज्या जमिनीवर जंगल अशी नोंद आहे ते जंगल, मग तिथे झाड असो वा नसो. हा अर्थ शंभर वर्षे टिकला, आणि त्यातूनच पुढे उपग्रहाशी त्याची टक्कर झाली.

आकाशातून जंगल पाहण्याचा प्रयोग ब्रिटिश हिंदुस्थानात फार लवकर झाला. १९२४ साली इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगलांची विमानातून छायाचित्रे घेण्यात आली. भरती-ओहोटीच्या दलदलीत शिरून मोजणी करणे फारच जिकिरीचे, म्हणून हा प्रदेश निवडला गेला. म्हणजे आपल्याकडील हवाई वनमोजणीची सुरुवात खाडीतल्या झाडांपासून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने वनसंपत्तीचे पूर्वगुंतवणूक सर्वेक्षण सुरू झाले. कागद आणि प्लायवूड कारखान्यांना लाकूड किती मिळेल, हा त्याचा रोख होता. १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्याने डेहराडूनला छायाचित्रांच्या अर्थबोधनाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. एकाच जागेची थोड्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे त्रिमितिदर्शकाखाली ठेवली की झाडे कागदातून वर उठलेली दिसतात, उंचीही मोजता येते. ज्यांनी हे एकदा पाहिले ते विसरत नाहीत. पण ही छायाचित्रे संरक्षण खात्याच्या परवानगीविना मिळत नसत, आणि देशभराचे विमानातून छायाचित्रण वारंवार करणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यच होते.

पान लाल का दिसते

आता तो लाल रंग. पानातले हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळे आणि तांबडे किरण शोषून घेते, हिरवे त्या मानाने अधिक परत पाठवते. म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. पण तांबड्याच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त किरणांच्या बाबतीत पान अगदी वेगळे वागते. पानाच्या आतील सच्छिद्र ऊतीत पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांची दाटी असते. तिथे हे किरण पुन्हा पुन्हा वळतात आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाहेर फेकले जातात. आपले डोळे अवरक्त पाहू शकत असते, तर रान हिरवे न दिसता त्या रंगाने झगमगताना दिसले असते. न दिसणारा हा प्रकाश चित्रात दाखवायला कोणता तरी दिसणारा रंग वापरावाच लागतो, आणि रूढीने त्यासाठी लाल घेतला गेला. म्हणून याला आभासी रंगचित्र म्हणतात.

या गुणधर्माचा पहिला मोठा उपयोग युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रणगाडे हिरव्या रंगाने रंगवून झाडीत लपवले जात. डोळ्याला फसवणारा हिरवा रंग अवरक्त फिल्मला फसवू शकत नसे, कारण रंगाच्या थरात पानाची ऊती नसते. जिवंत झाडी लाल उमटे, रंगवलेले कापड वेगळेच उमटे.

हीच युक्ती भारतात १९७० साली माडांवर वापरली गेली. केरळमध्ये माडांना मुळांच्या रोगाने ग्रासले होते. माड मरत नसे, पण झुरत जाई आणि उत्पन्न घटे. डॉ. पिशारोटी रामा पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी माडांचे शेंडे लाल तर रोगट माडांचे फिकट उमटले, आणि एकेका झाडाचे निदान वरून करता आले. पिशारोटी मूळचे हवामानशास्त्रज्ञ. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक होते, आणि विक्रम साराभाईंनी त्यांना अवकाश संशोधनाकडे वळवले. भारतीय दूरसंवेदनाचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो तो या माडांपासून. आपल्याकडे या विद्येचा उदय अग्निबाणाच्या तळावर झाला नाही, नारळाच्या बागेत झाला, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

वनस्पती ओळखण्यासाठी एक साधे सूत्र १९७० च्या दशकात रूढ झाले. अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करायचे आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा तिवराच्या दाट झाडीने अवरक्त किरण ४५ टक्के आणि तांबडे ५ टक्के परावर्तित केले, तर निर्देशांक ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ येतो. उघड्या मातीसाठी हेच आकडे २५ आणि २० असले, तर ५ भागिले ४५, म्हणजे ०.११. आठवीच्या वर्गात फळ्यावर सोडवता येईल असे हे गणित आहे, आणि आजही जगभरातील हिरवाईचे नकाशे मुख्यतः यावरच उभे आहेत. त्याची मर्यादाही इथेच पाहून ठेवू. ऑक्टोबरातले साग-ऐनाचे दाट रान, जुनी आमराई, खाडीतले तिवर, पाण्यावरचा ऊस, यांतले कोणतेही ०.७ ते ०.८ च्या आसपास येऊ शकते. पाला किती हे निर्देशांक सांगतो, पाला कोणाचा हे सांगत नाही.

आकड्यांचे वादळ

१९७२ च्या जुलैत अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला. त्याच्या चित्रातील एकेक चित्रकण सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या मापात साधारण त्रेसष्ट गुंठ्यांचा. त्रेसष्ट गुंठ्यांतले सारे काही एका ठिपक्यात! १९७४ मध्ये राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था स्थापन झाली, १९७९ पासून हैदराबादजवळ लँडसॅटचे संदेश थेट उतरवून घेता येऊ लागले, आणि त्याच वर्षी भास्कर-१ हा आपला प्रायोगिक उपग्रह झेपावला.

यानंतर जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते. १९८४ साली राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने लँडसॅटच्या चित्रांवरून देशातील वनाच्छादनाचे आकडे प्रसिद्ध केले. १९७२-७५ या काळात वनाच्छादन ५ कोटी ५५ लाख हेक्टर होते आणि १९८०-८२ मध्ये ते ४ कोटी ६३ लाख हेक्टरवर आले होते. देशाच्या क्षेत्रफळाच्या १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्के! म्हणजे दरवर्षी सुमारे १३ लाख हेक्टर रान नाहीसे होत होते. सरकारी दप्तरात तोवर साडेसात कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल नोंदलेले होते, देशाच्या जवळजवळ तेवीस टक्के. ठाण्याच्या राखीव रानांसारख्या हद्दींनी बनलेला तो आकडा होता. हद्दीच्या आत काय उरले आहे हे इतक्या उघडपणे कोणी सांगितले नव्हते.

पूर्वगुंतवणूक सर्वेक्षणाचे १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत रूपांतर झाले होते. या संस्थेनेही लँडसॅटचीच, १९८१-८३ ची चित्रे घेऊन स्वतंत्र मोजणी केली, आणि १९८७ च्या पहिल्या अहवालात आकडा दिला ६ लाख ४० हजार ८१९ चौरस किलोमीटर, म्हणजे १९.४९ टक्के. काळ जवळजवळ तोच आणि उपग्रहही तोच. उत्तरांत मात्र पावणेदोन कोटी हेक्टरांचा फरक. दोन्ही संस्थांच्या तज्ज्ञांना एकत्र बसून मेळ घालावा लागला.

हा फरक कोणाच्या लबाडीचा मानण्याचे कारण नाही. तेव्हा चित्रांचा अर्थ डोळ्यांनी लावला जाई. छापील चित्रावर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने हद्दी काढल्या जात. दाट सदाहरित रानाबद्दल दोघांत मतभेद होत नाही. भांडण होते ते विरळ रानाच्या बाबतीत. चार झाडे, मध्ये गवत, पुन्हा चार झाडे. याला रान म्हणायचे की माळ? भर म्हणून आपल्याकडे बहुतेक जंगल पानगळीचे. भिवंडी-शहापूरच्या डोंगरातले सागाचे रान नोव्हेंबरच्या चित्रात लाल दिसते आणि एप्रिलच्या चित्रात मातीच्या रंगात मिसळून जाते. पावसाळ्यात तर कोकणावर ढगांचे छत असते, चित्र मिळतच नाही. चित्र कोणत्या महिन्यातले, यावर लाखो हेक्टर इकडचे तिकडे होऊ शकतात.

आकडा मापावरही अवलंबून असतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण पुढे २००१ च्या अहवालात मिळाले. १९९९ च्या अहवालात वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते, २००१ मध्ये ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत ३८ हजार चौरस किलोमीटर जंगल कुठून उगवले? ते उगवले नव्हतेच. पहिल्या अहवालात नकाशाचे प्रमाण १ : १० लाख होते आणि ४०० हेक्टरांहून लहान रान नकाशावर येतच नव्हते. पुढे ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली. २००१ मध्ये प्रथमच साऱ्या देशाची मोजणी संगणकाने, १ : ५०,००० प्रमाणावर झाली आणि एक हेक्टराची झाडीही हिशेबात आली. जाळ्याची वीण बारीक केली, मासे जास्त सापडले. मानकोलीच्या खाडीकाठासारखी चिंचोळी पट्टी १ : १० लाखांच्या नकाशावर दिसणे शक्यच नव्हते.

आज वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा अधिक जमीन आणि किमान १० टक्के छत्रघनता असेल तर ते वनाच्छादन, मग मालकी कोणाची का असेना आणि झाडे कोणती का असेनात. २०२१ च्या अहवालाने महाराष्ट्रात ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या १६.५१ टक्के वनाच्छादन दाखवले. व्याख्येप्रमाणे यात देवराई आहे, आंब्याची बाग आहे, गिरिपुष्पाची लागवडही आहे. आकडा खोटा नाही. तो एका प्रश्नाचे उत्तर आहे आणि आपण बहुधा त्याला दुसराच प्रश्न विचारत असतो.

किती नव्हे, काय काय

१९८८ च्या १७ मार्चला आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यान्वित दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत संघातील बैकानूरहून सुटला. त्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा चित्रकण ३६ मीटरांचा, म्हणजे तेरा गुंठ्यांचा होता. १९९५ च्या अखेरीस आलेल्या आयआरएस-१सी ने तो साडेपाच गुंठ्यांवर आणला. याच सुमारास रिओ परिषदेमुळे 'जैवविविधता' हा शब्द सरकारी कागदांत शिरला, आणि उपग्रहाला नवा प्रश्न विचारला गेला.

या प्रश्नाचे एक उत्तर शोधले ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयीन शिक्षकांचे एक जाळे उभारले. आपापल्या गावाजवळचा टापू निवडायचा, उपग्रहचित्रावरून त्यातले वेगवेगळे भूदृश्य-घटक ओळखायचे, म्हणजे सदाहरित रान, पानगळीचे रान, झुडपे, माळ, शेत, पाणी. आणि मग प्रत्येक घटकात पायी हिंडून वनस्पती, पक्षी, फुलपाखरे यांची नोंद करायची. हरिणी नागेंद्र आणि गाडगीळ यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर कन्नड जिल्ह्यातील तीस चौरस किलोमीटरहूनही लहान टापू घेऊन हे पद्धतशीर तपासले. उपग्रहाने वेगळे म्हणून दाखवलेल्या तुकड्यांत फुलझाडांच्या जातीही खरोखर वेगळ्या असतात का? त्यांना असा संबंध आढळला. म्हणजे उपग्रहाला जाती दिसत नाहीत, पण त्यांची घरे दिसतात. आणि कोणत्या घरात कोण राहते हे एकदा पायी जाऊन पाहिले, की पुढे चित्रावरून काही अंदाज बांधता येतो.

शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एरवी शिक्षकाला शास्त्र शिकवण्याचे काम असते, करण्याचे नसते. या प्रयोगात मात्र स्थानिक वनस्पती ओळखणारा तालुक्याच्या गावचा प्राध्यापक हाच मुख्य दुवा होता. त्याच्याशिवाय बंगळूरचा संगणक नुसते रंगीत ठिपके दाखवत बसला असता.

१९९८ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि अवकाश विभागांनी मिळून देशभराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. उपग्रहचित्रांवरून वनस्पती-प्रकारांचा नकाशा करायचा, रान किती तुटक झाले आहे ते मोजायचे, रस्ते आणि वस्त्या किती जवळ आहेत ते पाहायचे, आणि ठिकठिकाणी आखलेल्या चौकटींतील झाडांची नोंद त्याला जोडून कोणता भाग जैविकदृष्ट्या किती समृद्ध असावा याचा नकाशा बनवायचा. पश्चिम घाट पहिल्या टप्प्यातच घेतला होता. एकूण पंधरा हजारांहून अधिक चौकटी प्रत्यक्ष जाऊन तपासल्या गेल्या. हा नकाशा फार उपयोगी आहे, पण त्यावरचा गडद रंग म्हणजे मोजलेली समृद्धी नव्हे, अनुमानित समृद्धी आहे, एवढे भान वापरणाऱ्याने ठेवायला हवे.

हे भान न ठेवल्याची किंमत कोणाला पडते ते कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या सड्यांवर दिसते. जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात चित्रात राखाडी, ओसाड दिसतो. वर्गीकरण करणारा त्याला 'खडकाळ पडीक' या रकान्यात टाकतो. मग पडीक जमिनीचा 'विकास' करायला कोण नाही म्हणेल? पण जून ते ऑक्टोबर याच सड्यावर गेंद, सीतेची आसवे, कंदील खर्चुडी यांचे राज्य असते, आणि त्यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचे स्थान मिळाले, ते याच 'पडीक' खडकामुळे. फुलांच्या त्या मोसमात नेमके आकाश ढगांनी झाकलेले असते. उलट बाजूने पाहिले तर गिरिपुष्पाची एकसुरी लागवड चित्रात छान लाल दिसते. हिरवाई आणि विविधता एक नव्हेत, हे उपग्रहाला माहीत नसते. छत्राखाली काय आहे, तिथे कारवी फुलली की घाणेरी माजली, तेही त्याला दिसत नाही.

२०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्र ठरवताना सुमारे २४ मीटरांच्या चित्रांवरून 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्य वेगळे काढले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संरक्षणासाठी सुचवला. आधी २०११ मध्ये गाडगीळ समितीने जवळजवळ नऊ किलोमीटरांच्या चौकोनांत घाट विभागून बराच अधिक भाग सुचवला होता. दोन अहवालांवरचा वाद राजकीय म्हणून गाजला, पण त्याच्या मुळाशी चित्रकणाचाही प्रश्न होता. गावाशेजारची देवराई, शेताच्या बांधावरचे रान, भातखाचरांमधला ओढा हे सारे 'सांस्कृतिक' रकान्यात गेले की त्यातली विविधता हिशेबाबाहेर पडते.

पुन्हा खाडीकाठी

खारफुटीच्या बाबतीत मात्र उपग्रहाचे पारडे जड आहे. ही झाडे बारमाही हिरवी, नेमकी भरतीच्या रेषेत वाढणारी, आणि खालचा चिखल ओला असल्यामुळे चित्रात इतर झाडीपासून वेगळी उठून दिसणारी. भातशेत पावसाळ्यानंतर पिवळे पडते, तिवर तसाच राहतो. दलदलीत शिरून मोजणी करणे १९२४ मध्ये जेवढे अवघड होते तेवढेच आजही आहे. ओहोटीच्या वेळचे चित्र निवडण्याची काळजी तेवढी घ्यावी लागते. वन सर्वेक्षणाने १९८७ मध्ये देशात ४,०४६ चौरस किलोमीटर खारफुटी नोंदली होती, २०२१ मध्ये ४,९९२; त्यात महाराष्ट्राचा वाटा ३२४ होता. वाढीपैकी किती खरी आणि किती जाळ्याची वीण बारीक झाल्यामुळे, हा हिशेब वाचकांच्या आता लक्षात यावा.

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत भराव टाकून तिवरे मारली जात होती. बांध घालून भरतीचे पाणी अडवले की झाडे उभ्या उभ्या वाळतात, आणि मग 'इथे जंगल कुठे आहे?' असे विचारता येते. मुंबई पर्यावरण कृती गटाच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहचित्रांच्या आधारे तिचे नकाशे करण्याचा आदेश दिला. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे हे काम आले. इथे विज्ञानाची गाठ महसुलाशी पडली. चित्रात लाल डाग दिसतो, पण तो कोणत्या गावाच्या कोणत्या सर्व्हे नंबरात आहे हे चित्र सांगत नाही. गावचे जुने नकाशे साखळीने मोजून काढलेले. ते चित्रावर बसवले तर बांध पाण्यात आणि खाडी शेतात जाते. डाग सातबाऱ्यावर उतरल्याशिवाय कायद्याच्या उपयोगाचा नाही, म्हणून हे बसवण्याचे कंटाळवाणे काम कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे ठरले. सरकारी जमिनीवरील खारफुटी क्रमाने संरक्षित वन म्हणून जाहीर होत गेली, २०१२ मध्ये वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. जुनी चित्रे पुसली जात नाहीत, हा उपग्रहाचा गुण इथे कामी येतो. २००५ मध्ये एखाद्या जागी तिवरे होती की नव्हती, याची साक्ष आज काढता येते.

त्या पट्टीत जाती किती, याचे उत्तर मात्र अजून अर्धेच आहे. ठाण्याच्या खाडीत तिवराचे वर्चस्व आहे. त्याच्यात चिपी, कांदळ, काजळा, मारांडी कुठे कुठे मिसळलेली असते. तीन-चार पट्ट्यांत प्रकाश मोजणाऱ्या कॅमेऱ्याला हे सारे एकच लाल. प्रकाशाचे शेकडो अरुंद पट्टे पाडले, तर प्रत्येक जातीच्या पानातील पाणी, मेण आणि रंगद्रव्ये यांची थोडी वेगळी खूण पकडता येते. २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासाने असे सव्वाचारशे पट्टे पाहणारे उपकरण विमानातून भारतातील अनेक ठिकाणांवर फिरवले, त्यांत ओडिशातील भितरकणिकेची खारफुटीही होती. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार उपग्रह रडारने पाहतो. त्याला ढगांची अडचण नाही आणि बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. कोकणातला पावसाळा आता आंधळा राहणार नाही. रडारला पानाचा रंग कळत नाही, खोड-फांद्यांचा घेर आणि रचना कळते.

शाळेला यासाठी वाट पाहण्याची गरज नाही. २०१५ पासून फिरत असलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात आणि त्यांचा चित्रकण दहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे. एप्रिलमधले एक आणि नोव्हेंबरमधले एक अशी आपल्या गावाची दोन चित्रे छापून घ्यावीत. दोन्हींत लाल राहिलेल्या जागा पेन्सिलीने वेगळ्या कराव्यात, आणि मुलांना घेऊन त्यांतल्या पाच-सहा जागी जावे. आमराई निघते, देवराई निघते, कधी पाण्यावरची केळीची बाग निघते. मानकोलीसारख्या गावी तिवरांची पट्टी निघेल. तिच्या बांधावर उभे राहून जवळून पाने पाहावीत: तिवराच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते आणि चाटली तर खारट लागते.